मंदे, ते झाड मी सांगितलं

संगमनेर
16 जून

प्रिय मंदे,

सात महिने झाले तुला एक ओळ लिहिली नाही. फोनवर बोलतो ते काही बोलणं नव्हे. तुझी सकाळ ती माझी रात्र, आणि मध्ये निखिलची पिल्लं फोन ओढणार. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, साखर आहे तशीच आहे. झालं तब्येतीचं. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं सुलूकडून कळलं.

हे पत्र चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा फाडलं. ह्यांना सांगून पाहिलं, तर म्हणाले, "अगं काजवेच ना, येतील पुढच्या वर्षी." त्यांचा काही दोष नाही. 1979 च्या त्या रात्री ते तिथे नव्हते. आपण तिघीच होतो, तू, मी, हौसा, आणि हौसाचा बा.

मंदे, आपलं काजव्यांचं झाड कुठे आहे ते मी सांगितलं.

तीन वर्षांपूर्वी बंटी जेवायला आला होता. नोकरी सोडून लोकांना तंबूत मुक्कामाला न्यायचा त्याचा उद्योग नुकताच सुरू झाला होता. आमटीभात खाता खाता म्हणाला, "आत्या, तू सारखी सांगतेस ते झाड खरंच आहे का गं?" आपल्या घरातलं एक पोर मॉल सोडून जंगलात जाऊ बघतंय, याचंच मला इतकं कौतुक वाटलं की शेंडी गावापासूनचा सगळा रस्ता त्याला सांगून टाकला. ओढा कुठे ओलांडायचा, करवंदीच्या जाळीपासून डावीकडे कसं वळायचं, सगळं. अमृतेश्वराच्या पायरीवर हात ठेवून, झाड कुणाला सांगायचं नाही म्हणून घेतलेली शपथ त्या वेळी आठवलीसुद्धा नाही. पोराने व्हिडिओ काढला, खाली नकाशातली जागा टाकली. पुढचं तुला कळलंच असेल. हौसाच्या वाडीचं नाव आता मी या पत्रातही लिहीत नाही.

यंदा 7 जूनला हौसाकडे गेले. डॉक्टरांनी डोळा जपायला सांगितलाय, पण पाऊस चार दिवसांवर आला होता आणि एकदा झोड सुरू झाली की काजवे संपले, हे तुला वेगळं सांगायला नको. वाटेत राजूरला थांबून पेढे घेतले. हौसा दारातच म्हणाली, "सुमे, आज शनवार हाय, आज नगं जाऊ झाडाकं." मी ऐकलं नाही.

ओढ्याच्या अलीकडे आपण चपला काढून ठेवल्या होत्या ना, तिथे गाड्या उभ्या होत्या. सदतीस मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं. बऱ्याचशा गाड्यांचे हेडलाइट चालूच, का तर मुलांना अंधाराची भीती वाटते. एका तंबूपाशी जनरेटर धडधडत होता, त्यावर गाणी. आणि आपलं झाड, तो सादडा, मंदे, हेडलाइटच्या उजेडात नुसता पांढराफटक उभा. पान न् पान दिसत होतं, काजवा मात्र एक नाही. लोक वर बघून विचारत होते, "कुठेत काजवे?" एकजण म्हणाला, सगळी जाहिरातबाजी आहे. गाड्या जाईपर्यंत, म्हणजे रात्री साडेबारापर्यंत, मी आणि हौसा बांधावर बसून राहिलो. अंधार झाल्यावर मी मोजले. त्या अख्ख्या झाडावर एकोणीस.

1979 आठव. दहावीचा निकाल लागायचा होता, हौसाच्या बहिणीच्या हळदीला गेलो होतो आणि तुझ्या आईने एकाच रात्रीची परवानगी दिली होती. हौसाच्या बाने कंदिलाची वात खाली केली, मग फुंकरच मारली आणि म्हणाला, "उजेड केला की रुसत्यात." आपण तशाच उभ्या. मग त्या टोकापासून या टोकापर्यंत सगळं झाड एकदम लागलं, एकदम विझलं. पुन्हा लागलं. शेजारच्या हिरड्याने त्याला उत्तर दिलं. तू ओरडलीस, "अगंबाई!" आणि अख्खं झाड क्षणभर गप्प झालं, असं मी आजवर शपथेवर सांगत आलेय. तू म्हणतेस योगायोग होता. तुझा आवाज मला माहीत आहे, योगायोग नव्हता.

पुढे तीस वर्षं मी मुलींना फळ्यावर ल्युसिफेरिन, म्हणजे काजव्याच्या पोटातलं उजेड देणारं द्रव्य, लिहून दिलं. थंड उजेड, त्यात ऊर्जा उष्णतेत वाया जात नाही, वगैरे. पण हौसाचा बा म्हणाला तेच खरं विज्ञान होतं. तो उजेड म्हणजे त्यांचं बोलणं. नर लुकलुकतो, मादी खालून गवतातून नाहीतर पानाआडून जबाब देते, आणि त्यावर तो तिला शोधतो. मोठ्या झालेल्या काजव्याला आयुष्य कितीसं, काही आठवडे. त्यातल्या चार रात्री जर हेडलाइटमध्ये गेल्या, तर त्यांची गाठ पडायची कधी? आणि त्याच्या आधीचं सगळं आयुष्य मातीत आणि पालापाचोळ्यात. अंडी ओल्या मातीत, अळी गोगलगायी खाऊन वाढते, पावसाळा काढते, हिवाळा काढते. म्हणजे लोक झाडाकडे बघत ज्या गवतावर उभे असतात, त्या गवताखाली पुढच्या वर्षीचे काजवे असतात. त्या रात्री ओढ्याकाठचं गवत अंगणासारखं चोपलेलं होतं.

तिथे एक पोर होतं. सात-आठ वर्षांचं, हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, आत तीन काजवे. मला एकदम तू आठवलीस. तुझी ती गोळ्यांची बरणी. सकाळी तिच्यातले काजवे मेलेले निघाले आणि मी तुझ्याशी पोळ्यापर्यंत बोलले नाही. तुझ्या आईने दोनदा मध्यस्थी केली, भाऊंनी समजावलं, मी ढिम्म. तुला खुनी म्हणाले होते मी. तू बरणीत पाचच काजवे घातले होतेस गं. मी तर नकाशाच वाटला. ते तेव्हाचं बोलणं आज मागे घेते. शेहेचाळीस वर्षं उशीर झाला.

पोराला म्हटलं, झाकण काढ, ते घरी जायला निघालेत. त्याने काढलं. एक उडाला, दोन तसेच बसून राहिले. बाप म्हणाला, "आजी, दोन-चार नेले तर काय बिघडतं?" मला काही बोलता आलं नाही.

आता खरी अडचण सांगते. मला वाटत होतं, वनखात्याला पत्र लिहावं, अभयारण्यच आहे, लावा फाटक, करा बंद. हौसाच्या ओट्यावर बसून हेच तावातावाने बोलत होते. ती नागलीच्या भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "बंद कर म्हंतीस, मंग आमी परत नारायणगावला टमाट्याच्या मजुरीला जायचं का?" तुला आठवतंय ना, दिवाळी झाली की वर्गातली निम्मी बाकं कशी रिकामी व्हायची? हौसा स्वतः सहावीत दोन वर्षं त्यामुळेच बसली. आता तिचा धाकटा, गणपत, या तीन आठवड्यांत पाहुणे ठेवतो, सून जेवण रांधते, माणशी आठशे घेतात. त्यातून नातीच्या नर्सिंगची फी गेली. ते लोक आले म्हणून पोर घरी राहिलं. मग मी कोणत्या तोंडाने म्हणू, लोक नकोत?

पण पैसा सगळा वाडीत राहतो असंही नाही. जनरेटरवाले, गाणीवाले बाहेरचे. तंबू त्यांचे, आचारी त्यांचा, बिसलेरीच्या बाटल्या त्यांच्या, कचरा तेवढा वाडीचा. बंटीला मी बोलावून घेतलं होतं. रडला गं. म्हणाला, "आत्या, मी व्हिडिओ केव्हाच काढून टाकलाय, पण लोकांकडे जागा गेलीय." त्याच्यावर चिडू नकोस, सांगणारी मी आहे.

त्या रात्रीपासून झोप नाही. मग पूर्वाला सांगून सगळं शोधून घेतलं, जगात काय चाललंय ते. आपण एकट्या नाही आहोत. टफ्ट्स विद्यापीठातल्या सारा लुइस आणि त्यांच्या बरोबरच्या संशोधकांनी 2021 मध्ये हिशेब मांडला की बारा देशांत मिळून वर्षाला दहा लाखांच्या आसपास लोक काजवे बघायला प्रवास करतात. थायलंडमधल्या अंफावाचं वाचलं तेव्हा पोटात गोळाच आला. तिथे नदीकाठच्या झाडांवर काजवे असतात. रात्रभर मोटरबोटींची घरघर, काठावरच्या घरांत झोप नाही, तेव्हा वैतागलेल्या काही लोकांनी आपल्या दारची ती झाडंच तोडून टाकली. उद्या कुणी आपला सादडा असाच तोडला तर? मलेशियात सेलांगोर नदीवर काही ठिकाणी मात्र वल्ह्याच्या होडीतून नेतात, इंजिन नाही, गावचाच माणूस वल्हवतो. आणि मेक्सिकोत नानाकामिल्पा म्हणून भाग आहे, तिथल्या जंगलात लाकूडतोड करून जगणारे लोक काजव्यांच्या पाहुण्यांवर जगायला लागले. हौसाला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हंजी आमच्यावानीच." पण तिथल्या जातीच्या मादीला उडता येत नाही, ती जमिनीवरच असते आणि पाहुण्यांच्या पायाखाली जाते. तेही वाचून दाखवलं. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

आणि आता तुझ्या गावची गोष्ट. तू तिथे नऊ वर्षं राहतेस आणि मला हे पूर्वाने सांगावं! तुमच्या नॉक्सव्हिलला लिन फॉस्ट म्हणून बाई आहेत. स्मोकी माउंटन्सच्या राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँटला त्यांच्या घरच्यांची केबिन होती, तिथल्या व्हरांड्यात बसून त्या वर्षानुवर्षं काजवे बघायच्या, सगळे एकदम लागणारे, एकदम विझणारे. तेव्हा शास्त्रज्ञ म्हणायचे, असे एका तालातले काजवे अमेरिकेत नाहीतच. या बाईंनी 1990 च्या दशकात पत्र लिहून कळवलं की आहेत, आमच्या दारात आहेत. मंदे, त्यांनीही झाड सांगितलंच की! गर्दी तिथेही लोटली. पण उद्यानाने रस्ताच बंद केला. काजव्यांच्या त्या मोजक्या रात्री लॉटरीत नाव निघालेल्या गाड्यांनाच आत सोडतात. बॅटरीला लाल नाहीतर निळा कागद, झोत जमिनीकडे, पायवाट सोडायची नाही, काजवा धरायचा नाही. आणि काळ कोणता, तर मेअखेर ते जून. आपलाच. इकडे सादडा लागतो तेव्हा तिकडे तुझ्यापासून दीड तासावर तेच चाललेलं असतं, आणि तू घरात मालिका बघतेस. (कोणती ते सुलूने सांगितलंय.)

मी सारखा हाच विचार करतेय. सांगितलं ते चुकलंच, शपथ मोडली ती मोडलीच. पण सांगितलेलं आता परत घेता येत नाही. मग फाटक कुणी लावायचं आणि त्याची किल्ली कुणाकडे? खात्याकडे दिली तर वाडी बाहेर. बाहेरच्या कंपन्यांकडे दिली तर जे आहे तेच. मला वाटतं वाडीकडेच हवी, गणपतसारख्या पोरांकडे. पुरुषवाडीत गावकरीच पाहुणे घरी ठेवतात आणि गावचीच पोरं वाट दाखवतात, ते हौसाला माहीत आहे, तिची भाची तिथे दिलीय. गाड्या वाडीच्या अलीकडे माळावर उभ्या करायच्या, तिथून चालत. रात्रीला किती माणसं ते गावाने ठरवायचं. गवतात कुणी उतरायचं नाही, बांधावर बसायचं, जसे आम्ही बसलो तसे. जनरेटर नाही. गणपत म्हणतो, माणसं कमी झाली तर आठशेचे बाराशे घेऊ. हौसाला भीती आहे की लोक शेजारच्या वाडीत जातील, तिथे गाणी लावू देतात. तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

येत्या रविवारी वाडीची बैठक आहे. पाऊस सुरू झालाय, काजवे गेले, आता कुणाला घाई नाही, म्हणूनच आत्ताच बसायचं असं हौसा म्हणाली. तिथे उभं राहून आधी सांगणार आहे की बाहेर सांगणारी मी. वाडीत ते अजून हौसाशिवाय कुणाला माहीत नाही. तिला मी त्याच रात्री बांधावर सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं व्हतं. बंट्या पयल्यांदा आला तवाच तुझं नाव सांगत आला." तीन वर्षं ती मला एका शब्दाने बोलली नाही, मंदे.

तुझ्याकडे एकच मागणं. त्या लॉटरीचा अर्ज साधारण एप्रिलच्या अखेरीला निघतो. पुढच्या वर्षी निखिलला भरायला लाव. नाव निघालं तर जा, गुडघ्याचं कारण सांगू नकोस, आणि काजवे बघून झाले की माणसं बघ. रांग कशी लावतात, लोकांना काय सांगतात, कोण सांगतं, न ऐकणाऱ्याचं काय करतात, सगळं मला लिही. फोनवर नको, लिही. गणपतला वाचून दाखवायचंय.

निखिलच्या नव्या नोकरीचं ऐकून बरं वाटलं. धाकटीचं नाव काय ठेवलं ते अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. तुझ्या वहिनीची भेट झाली, ठीक आहे, वाड्याचं छप्पर यंदाही राहिलं. जानेवारीत येतेस ना? नक्की कळव, म्हणजे हौसाला सांगून ठेवते.

बैठकीसाठी नियमांचा कागद केलाय, फोटो पूर्वाच्या फोनवरून पाठवते. गणपतने अक्षर काढलंय. त्यातलं चौथं कलम हौसाच्या आग्रहाने घातलं आहे: "झाड लागले की ओरडू नये." ते कुणाला आठवून घातलंय, ते तिला विचारलं तर नुसती हसली.

तुझी,
सुमी