पात्रांना ऐकू न येणारे संगीत

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पार्श्वसंगीत म्हणजे प्रेक्षकाने कुठे घाबरावे आणि कुठे रडावे याची सूचना, असे तू लिहिले आहेस. ते मला पटले नाही आणि का पटले नाही हे सविस्तर सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या मते चांगला संगीतकार हा चित्रपटाचा निवेदक असतो. पात्रांना जे ठाऊक नाही किंवा ज्यासाठी त्यांच्यापाशी शब्द नाहीत, ते तो आपल्याला सांगतो.

‘जॉज’ (१९७५) या चित्रपटात जॉन विल्यम्स यांनी शार्कसाठी बांधलेल्या धुनेचा पाया अवघ्या दोन लगतच्या स्वरांचा आहे. खर्जातले ते स्वर आधी सुटे सुटे येतात, मग त्यांची लय वाढत जाते आणि शार्क दिसत नसतानाही तो किती जवळ आला हे आपण कानांनी मोजू लागतो. पण या संगीताचे खरे सामर्थ्य मला पुढे जाणवले. दोन मुले शार्कचा पुठ्ठ्याचा खोटा पर पाण्यावर फिरवून लोकांना घाबरवतात, किनाऱ्यावर पळापळ होते, तेव्हा ती धून वाजतच नाही. हे संगीत खोटे बोलत नाही, असा विश्वास आपल्या मनात नकळत बसतो. नंतर पोलीसप्रमुख बोटीवरून पाण्यात आमिष टाकत असताना शार्क कसलीही स्वरांची चाहूल न देता डोके वर काढतो, आणि आपण हादरतो ते त्या विश्वासामुळेच. संगीताचे काम केवळ सूचना देण्याचे असते, तर नेमके तिथेच ते गप्प कसे राहिले असते?

‘सायको’ (१९६०) साठी बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्ये वापरली. स्नानगृहातील खुनाचा प्रसंग संगीताविना ठेवावा असे दिग्दर्शक हिचकॉक यांचे मत होते, ते हरमन यांचे संगीत ऐकून बदलले, हे तुला ठाऊक असेलच. मला मात्र त्या खुनाआधीचा, पैसे चोरून निघालेल्या नायिकेचा मोटारप्रवास अधिक मोलाचा वाटतो. आवाज बंद करून तो पाहिलास, तर एक स्त्री मोटार चालवते आहे एवढेच दिसेल. तंतुवाद्यांची ती न थांबणारी, अस्वस्थ लय ऐकू आली की चोरलेल्या पैशांनी तिच्या मनात माजवलेली खळबळ आपल्यापर्यंत पोहोचते.

आणि ‘पथेर पांचाली’ (१९५५). मुलगी गेल्याचे माहीत नसलेला हरिहर घरी परततो, तिच्यासाठी आणलेली साडी पत्नी सर्वजयेच्या हाती देतो, आणि तिचा बांध फुटतो. आपल्याला तिचे रडणे ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई, म्हणजे गजाने वाजवायचे एक तंतुवाद्य, तारस्वरात आक्रोश करते. रविशंकर यांच्या संगीताने तिथे आईच्या दुःखाला साथ केलेली नाही, तर तिचा आवाजच स्वतःकडे घेतला आहे. खरे रडणे ऐकले असते तर ते एका स्त्रीचे वाटले असते. वाद्यातून आलेला तो स्वर कोणाचाही असू शकतो, म्हणूनच तो इतका खोल उतरतो.

तो प्रसंग आपण दोघांनी शेजारी बसून पाहिला होता. चित्रपट संपल्यावर बराच वेळ तू एक शब्दही बोलला नव्हतास. तेव्हा तुला कोणी रडण्याची सूचना दिली होती, असे तुला खरोखर वाटले होते का? मला अवश्य कळव.

तुझा स्नेही