पोट्ट्यांना पाण्यात ढकलू नका

मा. संपादक,
स. न.

परीक्षा जवळ आल्या की आपल्या अंकात पोहण्याच्या उन्हाळी बॅचच्या जाहिराती सुरू होतात आणि थोड्याच दिवसांत सूर मारणाऱ्या बालगोपाळांचा फोटो येतो. तो फोटो मलाही आवडतो. पण त्याच वेळी एखादं पोट्टं पायरीची कड घट्ट धरून रडत बसलेलं असतं, ते काही फोटोत येत नाही. मागच्या वर्षी ते आमच्या घरचं होतं.

नात तेव्हा पाच वर्षांची. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकाने तिला कडेवर घेऊन खोल बाजूला नेलं आणि सोडून दिलं. लगेच वर काढलं, हे खरं. पण नाकातोंडात पाणी गेलेलं, ठसका लागून चेहरा लालबुंद. मी जाळीमागून ओरडलो तर उत्तर आलं, "काही होत नाही जी काका, दोन डुबक्या खाल्ल्या की भेव निघते." भेव निघालं नाही. बॅचचे पैसे बुडाले ते बुडालेच, वर चार महिने पोरगी डोक्यावरून पाणी घेऊ देईना. केस धुवायचा रविवार म्हणजे घरात रणकंदन.

त्या तरुणाला दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण मीही असाच शिकलो. काटोलकडच्या आमच्या गावी संत्र्याच्या बागेत विहीर होती. मोठ्या काकांनी पाठीला वाळका भोपळा बांधला आणि दिलं ढकलून. मी पोहायला शिकलो, हे आम्ही म्हातारे मोठ्या कौतुकाने सांगत असतो. त्याच दिवशी, त्याच विहिरीत, तोच भोपळा बांधून ढकललेला माझा धाकटा भाऊ मात्र त्या गोष्टीतून गळतो. साठी उलटली तरी तो गुडघाभर पाण्यापलीकडे जात नाही. रामटेकला गेलो तर अंबाळा तलावाच्या वरच्या पायरीवर चपला राखत बसतो.

यंदा सून म्हणाली, फी नंतर भरू, आधी परात काढा. फेब्रुवारीत रोज संध्याकाळी अंगणात परातभर पाणी. पहिले काही दिवस कागदाची होडी फुंकरीने ढकलायची, बस. मग ओठ पाण्याला टेकवून बुडबुडे. मग नाक पाण्यात ठेवून तोंड मिटून गुणगुणायचं. गुणगुणताना नाकातून हवा बाहेर येत राहते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. हे तिला समजावून सांगावं लागलं नाही, एकदा करून पाहिल्यावर तिचं तिलाच कळलं. मार्चमध्ये न्हाणीत गॉगल लावून आंघोळ सुरू झाली. मग्गा आधी खांद्यावर, मग मानेवर, मग डोक्यावर, आणि दर वेळी मोठ्याने एक-दोन-तीन म्हणून. ओतायचं ते तीनवरच. एकदा मी गंमत म्हणून दोनवर ओतलं, तर आठ दिवसांची कमाई वाहून गेली आणि सुनेची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

एक दिवस पोहण्याचे कपडे न घेता नुसतंच पूल बघायला नेलं. आपल्याला वाटतं पोरं पाण्याला भितात. आमची भीत होती शिट्टीला, क्लोरीनच्या वासाला आणि निसरड्या फरशीला. बाकी बारीकसारीक गोष्टी आयाबायांना ठाऊक असतात: टोपी घरीच घालून बघावी, भरल्या पोटी नेऊ नये, आधी शू करवून घ्यावी, सर्दी-ताप-जुलाब असतील तर घरीच ठेवावं. दुपारी नागपूर भट्टीसारखं तापत असलं तरी सकाळचं पाणी लहानग्यांना गारच लागतं. ओठ निळे पडले की बॅच संपायची वाट न बघता बाहेर काढावं. दंडाला लावायचे हवेचे फुगे मात्र विकत घेऊ नयेत. त्यांनी मूल पाण्यात उभं राहतं, आडवं होत नाही, आणि उगाच वाटतं की आपण तरंगतोय.

नातीला आम्ही कांचनमाला पांडे यांची गोष्ट सांगितली. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या, दृष्टी नसलेल्या कांचनमालांनी २०१७ साली मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. नातीचा प्रश्न एकच, "मग भिंत आली हे कसं कळते?" अशा स्पर्धांत काठावर एक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो आणि भिंत जवळ आली की काठीच्या मऊ टोकाने पोहणाऱ्याला हलकेच स्पर्श करतो. हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

काठावर असं कोणी असलं की धीर येतो, म्हणूनच पूलवाल्यांकडे मागणी आहे. पालक आरडाओरडा करतात म्हणून त्यांना जाळीमागे बसवता, ठीक आहे. पण सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिले चार दिवस घरचं एक माणूस काठाशी, हात पोचेल इतक्या अंतरावर बसू द्या. आणि त्याने मोबाइल पिशवीत ठेवावा. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं "वाचवा" म्हणून ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पाण्याबाहेर येत नाही, तिथे ओरडणार कुठून? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यांत जवळपास पाव वाटा पाच वर्षांखालच्या मुलांचा. बुडायला अंबाझरी तलाव किंवा कन्हान नदीच लागते असं नाही, आपल्याकडे कूलरसाठी भरून ठेवलेला ड्रमही पुरतो. पोहायला येऊ लागलं तरी ड्रमचं झाकण लावायचंच.

नातीची बॅच येत्या सोमवारी सुरू होते. तीन म्हणेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, अशी तिची अट आहे. नव्या प्रशिक्षकांना ती मी कागदावर लिहून देणार आहे.

आपला,
एक आजोबा, त्रिमूर्ती नगर, नागपूर