आखाजीच्या आधी

धुळे
१३ एप्रिल २०२५

ती. आई आणि आबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आबा म्हणाले, "गरीबनी पोर शे. काहीच बोलस नही." त्यावर मलाच काही बोलता आलं नाही. हो-हो करून फोन ठेवला. दोन रात्री झोप लागलेली नाही. आज रविवार, ह्यांना म्हटलं स्वयंपाकाचं तुम्ही बघा, आणि लिहायला बसले. पत्र आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी तुमच्या हातात पडलं पाहिजे, कारण भय्यासाठी पोरगी आणून देणाऱ्या एजंटाला इसार आखाजीला द्यायचा ठरलाय. आबा, तो इसार देऊ नका. आधी हे वाचा. आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि भय्यालाही समोर बसवा. त्याच्या पाठीमागे काही लिहीत नाही, त्याला विचारूनच लिहिते आहे.

अडीच लाख. निम्मे आधी, निम्मे लग्नाच्या दिवशी. पोरगी कुठल्या गावची ते एजंट सांगत नाही, "तिकडची आहे" एवढंच. तिच्या आईबापाला कोणी पाहिलेलं नाही. मोबाइलवर फोटो पाठवला आणि बघून झाल्यावर पुसून टाकायला लावला. वय विचारलं तर म्हणे, असेल अठरा-एकोणीस. आबा, बैल घेताना तुम्ही दात बघता, चार पावलं चालवून बघता. इथे एका लेकराचा जन्मदाखला मागावा असं कुणालाच वाटलं नाही? अठराच्या आतली निघाली तर तो बालविवाह, आणि पैसे मोजून आणली म्हणजे माणसाची खरेदी. दोन्ही गुन्हेच आहेत. एजंट फोन बंद करून मोकळा होईल, पोलीस आपल्या दारात येतील. पण मी पोलिसांच्या भीतीने लिहीत नाही. माझी लेक ह्या जूनमध्ये पंधराची होईल. त्या फोटोतल्या पोरीचं वय मला तिच्यावरूनच मोजावंसं वाटतं, आणि मग हात गार पडतात.

पैशाचंही लिहिते, कारण तो घाम तुमचा आहे. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. त्या भावाने धरलं तरी अडीच लाख म्हणजे तेहतीस क्विंटल कापूस झाला, आणि व्यापाऱ्याने घरी येऊन तेवढाही भाव दिला नाही हे तुम्हीच सांगितलंत. माझ्या लग्नातही तुम्ही कापूस विकूनच पैसे मोजले होते. तेव्हा पोरगी उजवायला मोजले, आता पोरगी आणायला मोजताय. तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं, आता तिला कोणी विचारत नाही.

आई, तुझं म्हणणं मला कळतं. "मन्हा भय्याले कोन रांधी घाली?" गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हेच तुझ्या डोक्यात आहे. म्हणून जानेवारीत आले होते तेव्हाची एक गोष्ट सांगते. तुमच्या दोघांच्या ती लक्षातही नसेल, माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

सकाळची वेळ होती. भय्या शेतात पाणी लावून आला, हातपाय धुतले आणि चुलीपुढे बसला. परातीत कळण्याचं पीठ, बाजूला उन्हवणी. त्याने पीठ मळलं, गोळा दोन्ही तळव्यांत फिरवला आणि भाकर थापायला घेतली. आई, तुझ्यासारखीच थापतो तो. उजव्या हाताने थापायची, डाव्या हाताच्या बोटांनी कड सावरायची, मधूनच परात एवढीशी फिरवायची. तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, निखाऱ्यावर टेकवली आणि टम्म फुगली. भरीत त्यानेच तुराट्यांवर भाजलं होतं. मी भिंतीला टेकून बघत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

तेवढ्यात पुढच्या दाराशी कोणीतरी आबांना हाक मारली. आबा, तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त आत बघितलंत. भय्या ताडकन उठला. पिठाचे हात पॅंटला पुसले आणि मागच्या दाराने गोठ्यात निघून गेला. आणि आई, तू, जिला डॉक्टरांनी खाली बसायला सक्त मनाई केली आहे, ती भिंतीचा आधार घेत घेत त्या परातीपाशी जाऊन बसलीस. पाहुणा चहा पिऊन गेला. त्याने पाहिलं ते असं, की बाई भाकरी करतेय, घर जसं असायला हवं तसं आहे. तव्यावरची भाकर मात्र करपली होती.

त्या दिवशी मला कळलं की आपल्या घरात सुनेची गरज रांधण्यासाठी नाही. रांधणारा आहे घरात, आणि चांगला रांधतो. सून हवी आहे ती परातीपुढे बसलेली दिसायला.

आणि आबा, हे तुमच्याकडून व्हावं याचंच मला जास्त लागलं. तुम्ही छातीला लाल बिल्ला लावून हिंडलेला माणूस. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. गावातल्या बाया जायला निघाल्या तेव्हा आजी आडवी आली, म्हणे तान्ही पोर टाकून सून चालली कुठे. तुम्ही आईला ट्रकमध्ये बसवलं आणि मला, वर्षाच्या पोरीला, कडेवर घेऊन उभे राहिलात. लंगोट धुतले, वाटीने दूध पाजलं, रात्रभर झोळी हलवली. ही गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितलीत! प्रत्येक वेळी तुमचा आवाज कसा व्हायचा ते मला पाठ आहे. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा तुम्ही बांधाकडचा एक एकर आईच्या नावावर केलात. आजही तो सातबारा आईच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत आहे. शाळेत मुलांना मी ही गोष्ट नाव न घेता सांगते. मी जी काही आहे, नोकरी करते, चारचौघांत बोलते, नवऱ्याला आज तुम्ही रांधा म्हणू शकते, त्यातलं निम्मं त्या रात्री हललेल्या झोळीतून आलेलं आहे.

आता जे लिहिते ते लिहू की नको, ह्यात माझी तीन पानं फाडून झाली.

माझी लेक झाली तेव्हा आई धुळ्याला दीड महिना राहिली होती. एका दुपारी बाळाला तेल लावता लावता आई म्हणाली, "तुझ्या नि भय्याच्या मधे एक होती." एवढंच. मी वर बघितलं तर आई बाळाच्या पायांकडे बघत होती. "होती" म्हणालीस, आई. "एक होतं" असं म्हणाली असतीस तर मला काहीच कळलं नसतं. त्या एका अक्षरात मला सगळं कळलं. नंतर थोडं थोडं करून तूच सांगितलंस, आजीचा हट्ट, तालुक्याच्या गावची ती फेरी, बसमधून परत येतानाची पोटदुखी. १९८९ ची गोष्ट. पोटात मुलगा की मुलगी हे बघायच्या असल्या तपासणीला बंदी घालणारा कायदा आपल्या राज्याने १९८८ मध्येच केला होता, देशात सगळ्यांच्या आधी. कायदा होता, बिल्ला होता, चांदवड होतं, तरीही.

आबा, मी तुम्हाला दोषी ठरवायला हे काढलेलं नाही. तुम्ही त्या दिवशी शेतात गेला होतात आणि रात्री जेवला नाहीत, हेही आईने सांगितलं आहे. पण ती आज असती तर पस्तिशीची असती. अशी एकेका घरातून एकेक कमी झाली. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे साडेआठशेही मुली नव्हत्या. ती पोरं आता कुठे लग्नाच्या वयाला टेकताहेत. म्हणजे भय्याच्या मागची रांग याहून मोठी असणार आहे. ज्या पोरी आपण येऊ दिल्या नाहीत, त्यांच्या जागी आता दुसऱ्या गरिबाच्या पोरी पैसे देऊन आणायच्या, हे माझ्या मनाला कुठल्याच बाजूने पटत नाही.

आपल्या गल्लीत असंच लग्न झालं, तुम्हाला माहीतच आहे. अकराव्या दिवशी ती पोरगी गेली. अंगावरचे दागिने घेऊन पळाली, फसवलं, असं अजून सगळे बोलतात. मी जानेवारीत चार घरी विचारलं, तिचं नाव काय होतं? कुणालाच सांगता आलं नाही. अकरा दिवस ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाणी भरत होती.

आई, तुला तर हे माझ्याहून जास्त कळायला हवं. लग्नात तांदळात तुझं नवीन नाव लिहिलं. पुढचे तीन महिने त्या नावाने हाक मारली की तुला कळायचंच नाही, आजीला वाटायचं सून बहिरी आहे. तुझं माहेरचं नाव मी इथे लिहीत नाही, ते तुझं तुझ्यापाशी राहू दे. मामा गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही, असं म्हणून तू एकदा डोळे पुसले होतेस. त्या फोटोतल्या पोरीलाही नवं नाव मिळेल. तिला तर आपली बोलीसुद्धा येत नसेल. मग ती "काहीच बोलस नही" याचं आपण कौतुक करायचं?

भय्याशी मी त्याच जानेवारीत गच्चीवर बोलले. तो कमी बोलतो, पण त्या रात्री बोलला. म्हणाला, "ताई, मला लग्न पाहिजे. खोटं कशाला बोलू. गावात लग्न झालेल्या बावीस वर्षांच्या पोराला कारभारी म्हणतात आणि मला चौतिसाव्या वर्षी अजून 'आबांचा पोरगा' म्हणतात. पंगतीत बसलो की कोणी ना कोणी विचारतंच. पण विकत आणलेली नको. ती रात्री दार उघडून जाईल म्हणून मी जागत बसू का? आणि गेली नाही, भीतीने राहिली, तर ते काय लग्न?" मग बराच वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "आबांना वाईट वाटेल म्हणून मी नाही म्हणत नाही."

आबा, तो तुम्हाला नाही म्हणणार नाही. म्हणून मी म्हणते आहे.

त्याला कोणी मिळेल, कदाचित मिळणारही नाही. एखादी घटस्फोटित, एखादी लेकरू असलेली विधवा तुमच्या उंबऱ्यात आली तर चालेल का, हा विचार तुम्ही दोघांनी मनापासून करून ठेवा. कोणी ठरलेली आहे म्हणून विचारत नाही. ती नोकरी करणारी असेल, आठवड्यातून दोनच दिवस गावात राहणारी असेल. आणि कोणीच आली नाही तरी भय्या अर्धा माणूस ठरत नाही. दीड एकर केळी आणि चार एकर कापूस तो एकट्याने बघतो. आईला ऑपरेशननंतर महिनाभर मोरीपर्यंत उचलून त्यानेच नेलं, तिचे केस विंचरले, लुगडी धुतली. सून आली असती तरी तिने याहून जास्त काय केलं असतं? ह्याच कामाला सुनेच्या बाबतीत आपण घर राखणं म्हणतो, त्याच्या बाबतीत मात्र मागच्या दाराने गोठ्यात पळायला लावतो.

राहिला प्रश्न तुमच्या मागे त्याचं कोण. मी आहे. हे तोंडदेखलं लिहीत नाही. त्याच्या बँकेच्या खात्यावर वारस म्हणून माझं नाव लावायला मी त्याला सांगितलंय आणि माझ्या एका खात्यावर मी त्याचं लावून टाकलं. माझी पोरं मामाकडे सुट्टीला त्याच्या हातच्या शेवभाजीसाठी येतात, तुम्हाला वाटतं तसं आंब्यांसाठी नाही.

परीक्षा संपल्या की २७ तारखेला मी मुलांना घेऊन येते. आईच्या गुडघ्याला झेपेल असा उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा बांधायचा आहे, त्याचे पैसे मी बाजूला काढले आहेत. उंची भय्याच्या कमरेची घ्यायची, कारण जास्त वेळ तोच उभा राहणार आहे. गवंड्याला आबांनी आधी सांगून ठेवावं. सांजोऱ्यांचं सारण भय्या भाजेल, लाटायला मी आहे. आईने खुर्चीवर बसून सांगायचं. कोणी हाक मारत आलं तर आत बोलवा आणि भय्याच्या हातची गरम सांजोरी द्या.

आखाजीला घागरीवर ठेवायचं डांगर (खरबूज) मी इकडून आणते. यंदा दोन आणणार आहे. एक आपल्या पितरांच्या घागरीवर. आणि आई, एक छोटी घागर तिच्यासाठी भरू, आबांची हरकत नसेल तर.

तुमची,
ताई