वॉरंटी नाकारायची तर कारण लेखी द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

वॉरंटीच्या मुदतीत बिघडलेला लॅपटॉप ‘आत द्रव गेल्याने नुकसान’ एवढा एकच शेरा मारून दुरुस्तीविना परत केल्याच्या तक्रारी कोकणात पावसाळ्यानंतर हमखास कानावर येतात. यंदा ती पाळी आमच्यावर आली. गाऱ्हाणे केवळ एका यंत्रापुरते असते, तर आपल्या वृत्तपत्राची जागा मी अडवली नसती. परंतु हा शेरा ज्या रीतीने दिला जातो, त्या रीतीत ग्राहकाला स्वतःची बाजू मांडायला वावच उरत नाही, आणि हे देवरुखात जेवढे खरे आहे तेवढेच वेंगुर्ल्यात किंवा अलिबागेतही खरे आहे; म्हणून हे पत्र.

माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. तिच्यासाठी घेतलेला लॅपटॉप वर्ष पुरे होण्याआधीच चार्ज होईनासा झाला, दुसरा चार्जर लावूनही काही फरक पडला नाही, आणि शेवटी तो सुरूच होईना. ज्या दुकानातून तो घेतला, त्या दुकानदाराने ‘एकदा विकला की आमचा संबंध संपला, सर्व्हिस सेंटरला जा’ म्हणून हात झटकले. आंबा घाट चढून तो कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन दिला. तिथल्या जॉबशीटवर, म्हणजे वस्तू दुरुस्तीला घेतल्याच्या नोंदपत्रावर, ‘चार्ज होत नाही, सुरू होत नाही’ एवढी तक्रार लिहून घेतली गेली. बाह्य स्थितीच्या रकान्यात ओरखडा, तडा किंवा डाग यांपैकी काहीही नोंदवलेले नव्हते. पुढे फोन आला तो असा की मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपमधल्या मुख्य सर्किट बोर्डावर, गंज आहे, म्हणजे ‘लिक्विड डॅमेज’ आहे, तेव्हा वॉरंटी लागू होत नाही. बोर्ड बदलून हवा असेल तर लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक खर्च येईल, आणि नको असेल तर तपासणी शुल्क भरून वस्तू घेऊन जावी.

प्रत्यक्ष गेल्यावर काउंटरवरच्या तरुणाने स्वतःच्या मोबाइलवर एक फोटो दाखवला. चार्जिंग सॉकेटच्या पायांपाशी हिरवट-पांढुरका ठिपका होता, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. फोटोत बोर्डाचा अनुक्रमांक नव्हता, तारीख नव्हती, त्यामुळे तो बोर्ड आमच्याच लॅपटॉपचा आहे हे केवळ त्या मुलाच्या शब्दावर मानायचे होते. फोटो पाठवा म्हटले, तर ते कंपनीच्या धोरणात बसत नाही. तपासणीचा अहवाल लेखी द्या म्हटले, तर ‘सिस्टिममध्ये सीआयडी टाकले आहे, वेगळा रिपोर्ट मिळत नाही’. सीआयडी म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेले नुकसान, हे मागाहून समजले. आमच्या देखत उघडून दाखवा म्हटले, तर ग्राहकांना आत प्रवेश नाही. त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याला जेवढे सांगण्याची मुभा आहे तेवढेच तो सांगत होता, आणि ते सांगताना बिचारा अवघडलेलाही होता.

आता त्या ठिपक्याविषयी. लॅपटॉपवर चहा किंवा पाणी सांडते तेव्हा ते बहुधा वरून, कीबोर्डवर सांडते आणि तिथून खाली बोर्डावर उतरते. त्याच्या खुणा वाटेत राहतात: कळांखालच्या पातळ पडद्यावर, कीबोर्डच्या जोडपट्टीवर, बॅटरीच्या आवरणावर, पेय गोड असेल तर चिकट थरही राहतो. काही कंपन्या पाणी लागताच लाल होणारी छोटी पांढरी पट्टी आत चिकटवून ठेवतात. आमच्या प्रकरणात यांपैकी एकाही खुणेचा उल्लेख कोणी केला नाही, आणि लॅपटॉप बंद पडेपर्यंत कीबोर्डची प्रत्येक कळ चालत होती. उलट, ज्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळते, तिथे कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते. चार्जिंग सॉकेट हा बाहेरच्या हवेला सर्वांत जवळचा भाग. त्याच्या जवळजवळ असलेल्या सांध्यांमध्ये विद्युतदाब असतो, आणि अशा जागी दमट धूळ साचली की गंज लवकर धरतो. बोर्ड तयार करताना सोल्डरिंगसाठी, म्हणजे भाग डाख देऊन जोडण्यासाठी, वापरलेल्या फ्लक्स या रसायनाचा अवशेष नंतर तसाच राहिला असेल, तरीही दमट हवेत नेमका असाच थर येऊ शकतो, आणि तो तर सरळसरळ उत्पादनातला दोष ठरतो.

अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात, दव साचत नसेल तर ९० टक्के आर्द्रतेपर्यंत यंत्र वापरता येते, असे कंपन्याच छापतात. आमच्या लॅपटॉपच्या पत्रकातही तेच छापलेले आहे, आणि वॉरंटीच्या अटींत वगळलेले आहे ते द्रव सांडणे, हवेतला दमटपणा नव्हे. मग गंज दिसला की तो सांडल्यामुळेच आला, हे कशावरून? सांडलेले पाणी, दमट हवा आणि सदोष सोल्डरिंग यांतले खरे कारण कोणते, हे बोर्ड नीट तपासूनच ठरू शकते. आणि मेख इथेच आहे. कंपनीच्या माणसाखेरीज अन्य कोणी लॅपटॉप उघडला तर वॉरंटी रद्द होऊ शकते. कंपनीच्या माणसाने उघडला तर आत काय आढळले हे ग्राहकाला दाखवले जात नाही. फिर्यादी, पंच आणि न्यायाधीश असे तिघेही एकाच काउंटरच्या मागे बसलेले असताना ग्राहकाने दाद कोणाकडे मागायची?

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ या बाबतीत मुका नाही. ग्राहकाशी संबंधित माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे याचा समावेश कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीच्या व्याख्येतच केलेला आहे. म्हणजे बोर्ड खरोखर कशाने बिघडला हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी तपासणीचा अहवाल आणि फोटो मागूनही न देणे हीच स्वतंत्र तक्रार होऊ शकते, असे माझे मत आहे. विम्याच्या दाव्यांत पॉलिसीतला अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीवर असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले आहे. वॉरंटीतल्या अपवादाला वेगळा न्याय का असावा, हे मला कळत नाही. जो अपवादाचा आधार घेतो, त्याने तो दाखवून द्यावा. दुकानदारालाही ‘आमचा संबंध नाही’ म्हणून सुटता येऊ नये, कारण माल ज्या कामासाठी घेतला त्या कामाला योग्य असण्याची गर्भित अट मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मध्ये आहे, आणि बिल त्याच्याच नावाचे आहे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येते, ही चांगली सोय आहे; परंतु हेल्पलाइन कंपनीकडे पाठपुरावा करू शकते, तिला आदेश देऊ शकत नाही. कंपनीने ‘धोरणानुसार वॉरंटी अपात्र’ असे उत्तर दिले आणि विषय तिथेच मिटला. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची वाट मात्र लोक समजतात तेवढी अवघड नाही. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यासाठी कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात जावे लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८ नुसार, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. आमच्यासारख्या प्रकरणात निकाल लावू शकेल अशी तरतूद कोणती असेल, तर ती हीच.

पण तपासायला मूळ बोर्ड शिल्लक तर हवा. वर्ष वाया जाऊ नये, परीक्षा तोंडावर आहे, म्हणून कित्येक पालक नाइलाजाने पैसे भरून बोर्ड बदलून घेतात. काढलेला जुना बोर्ड सर्व्हिस सेंटर जमा करून घेते, आणि त्याच्याबरोबर ग्राहकाच्या हाती असलेला एकमेव पुरावाही जातो. त्यानंतर आयोगापुढे दाखवायला उरते ती पैसे भरल्याची पावती. मुलीचे काम सध्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षावर आणि मैत्रिणीच्या लॅपटॉपवर भागते आहे, हे सोसूनही आम्ही बोर्ड बदलून घेतला नाही, तो याच कारणाने.

केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) संकेतस्थळ सुरू केले. तिथे कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटी आणि सुट्या भागांची माहिती एकत्र पाहायला मिळते, हे स्वागतार्हच आहे. परंतु वॉरंटी नाकारली गेल्यावर ग्राहकाच्या हातात काय पडावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांच्या सेवाशुल्काबाबत जुलै २०२२ मध्ये आणि ऑनलाइन खरेदीतल्या फसव्या रचनांबाबत नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्याच अधिकारात वॉरंटीच्या नकाराबाबतही ती काढता येतील. वस्तू ताब्यात घेताना ग्राहकासमोर तिच्या स्थितीची नोंद व्हावी. नकाराचे कारण तंत्रज्ञाच्या सहीने लेखी मिळावे, सोबत बोर्डाचा अनुक्रमांक दिसेल असे फोटो असावेत. ग्राहकाने हरकत घेतल्यास जुना भाग मोहोरबंद करून त्याला परत द्यावा. आणि दुरुस्ती नाकारलेल्या वस्तूवर तपासणी शुल्क लावू नये. यात कंपन्यांना जड जावे असे काही नाही. फोटो त्या काढतातच, अनुक्रमांक त्यांच्याकडे असतोच. फक्त तो कागद काउंटरच्या अलीकडे यायला हवा.

आम्ही तपासणी शुल्क हरकत नोंदवून भरले आणि लॅपटॉप जॉबशीटसह परत आणला. दुकानदार, सर्व्हिस सेंटर आणि कंपनी या तिघांना रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली असून तिची मुदत संपताच तिघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करून रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करणार आहोत, आणि बोर्डाची तपासणी प्रयोगशाळेत व्हावी असा अर्ज तक्रारीसोबतच देणार आहोत. ज्या वाचकांना असाच शेरा मारून वस्तू परत मिळाली आहे, त्यांनी ती बाहेर उघडायला देण्यापूर्वी आणि पैसे भरून बोर्ड बदलून घेण्यापूर्वी निदान लेखी कारण मागावे, आणि ते मिळाले नाही तर त्या मागणीची पोच जपून ठेवावी.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
देवरुख, जि. रत्नागिरी