तिसरी-चौथीच्या गणित शिक्षकांसाठी: शनिवारच्या आकृतिबंध तासाची तयारी

सर्व सर-मॅडम,

शनिवारी 1, 3, 6, 10 हा आकृतिबंध घ्यायचा आहे. दर चार मुलांमागे 20 शिंपले (खायच्या तिसऱ्यांचे) धुऊन, कडक वाळवून आणावेत, चिंचोकेही चालतील. ओल्या काजूच्या बिया मात्र नकोत, टरफलातल्या तेलाने बोटं पोळतात.

1, 3, 6, 10 शिंपल्यांचे चार जिने मांडायचे (वरच्या ओळीत 1, तिच्याखाली 2, मग 3, 4), बरोबर 20 लागतात. डावी कड सरळ ठेवा. मुलं हौसेने देवळाच्या कळसासारखी मांडणी करतात. ती दिसते छान, पण पुढे अडते. सगळे शिंपले गोळा करून 10-10 चे दोन जिने करा आणि एक उलटा फिरवून दुसऱ्याला जोडा. चार ओळी, प्रत्येकीत पाच. म्हणजे एका जिन्यात 4×5 चे निम्मे.

10 नंतर बरीच मुलं 14 सांगतात. शेवटचा फरक 4 होता, तोच पुन्हा मिळवतात. लगेच चूक म्हणू नका, पाचवी पायरी मांडायला लावा.

पाचाच्या उड्या नेहमी 5 पासूनच नकोत, 3 पासून घ्या: 3, 8, 13, 18. इथे '3, 8, 12' आलं तर मूल 8 लाच 'एक' मोजतंय. जमिनीवर संख्यारेषा आखून उडी मारायला लावली की सुटतं.

फळ्यावर किमान चार संख्या लिहा. नुसतं 1, 2, 4 दिलं तर 7 आणि 8 दोन्ही बरोबर, फक्त नियम विचारा.

रंगीत खडू आपापले आणावेत.