नोंदींतले ज्ञान आणि त्याची निगराणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रुग्णालयांतील संगणकीय नोंदींवरून आजाराचा किंवा मृत्यूचा धोका आधीच वर्तवणाऱ्या प्रणालींविषयी अलीकडे वरचेवर छापून येते. या बातम्यांत अचूकतेचा टक्का ठळक दिलेला असतो. पण तो ज्या नोंदींवरून काढला त्या कोणी, केव्हा आणि कशासाठी केल्या, याविषयी बहुधा एक ओळही नसते. खरा प्रश्न तिथेच आहे असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

या नोंदींचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. सांधेदुखीवरचे रोफेकॉक्सिब हे औषध सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. पुढच्याच वर्षी, अमेरिकेतील कैसर परमनेंटे या आरोग्यविमा व रुग्णसेवा देणाऱ्या संस्थेच्या सुमारे १४ लाख सभासदांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्या औषधाने, विशेषतः मोठ्या मात्रेत, हृदयविकाराचा धोका वाढत असल्याचे त्यात दिसले. एरवी कपाटात पडून राहिले असते अशा केसपेपरांनी हे काम केले.

मात्र याच नोंदी किती सहज दिशाभूल करतात, याचे एक उदाहरण प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाला दाखल करावे आणि कोणाला घरी पाठवता येईल हे ठरवण्यासाठी अमेरिकेत १९९०च्या दशकात काही प्रणाली तयार करण्यात आल्या. त्यांपैकी एकीने नोंदींतून असा नियम शोधला, की दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मृत्यू येण्याचा धोका कमी असतो. आकडेमोड बरोबर होती. घडत असे ते एवढेच, की दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवीत आणि त्या तत्पर उपचारांमुळे तो वाचे. नियम तसाच वापरला असता तर ज्यांना सर्वांत जास्त काळजीची गरज होती, नेमके तेच घरी पाठवले गेले असते. येथे नियम वाचता येण्याजोगा होता म्हणून डॉक्टरांच्या लक्षात आला; आतले काहीच दिसू न देणाऱ्या प्रणालीत तो कोणालाही न कळता बसला असता.

याचे कारण असे, की नोंद शरीराची होते तशीच उपचारांच्या प्रक्रियेचीही होते. बॉस्टनमधील दोन रुग्णालयांच्या नोंदींवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १७४ तपासण्यांपैकी ११८ बाबतींत, तपासणीच्या निकालापेक्षा ती कधी मागवली यावरूनच रुग्ण जगण्याचा अंदाज अधिक नेमका बांधता आला. अवेळी रक्त तपासायला पाठवले जाते ते डॉक्टरांना काही खटकले म्हणून. यंत्र अशा वेळी डॉक्टरांची शंकाच मोजत असते.

दुसरी बाब, सापडलेले ज्ञान सांभाळण्याची. औषधोपचार बदलतात, रोगांच्या संकेतांकांची नवी आवृत्ती येते, प्रयोगशाळेचे यंत्र बदलते, आणि कालचा नियम मुकाट्याने निकामी होतो. सेप्सिसची, म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीरभर उद्भवणाऱ्या जीवघेण्या अवस्थेची, पूर्वसूचना देणारी एक प्रणाली अमेरिकेतील शेकडो रुग्णालयांत वापरात असताना, तिची एका रुग्णालयात केलेली स्वतंत्र पडताळणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सेप्सिस झालेल्या रुग्णांपैकी सुमारे दोनतृतीयांश तिच्या नजरेतून सुटले होते. वापर आधी आणि पडताळणी मागाहून, हा क्रम रुग्णांच्या जिवावर बेतणारा आहे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, तशी अशा प्रत्येक नियमाला पुनर्तपासणीची तारीख असावी आणि तो कोणाच्या जबाबदारीवर चालू आहे तेही लिहिलेले असावे.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे, की अशा प्रणालीची बातमी देताना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : नोंदी कोणत्या रुग्णांच्या होत्या, जिथे ती तयार झाली त्याबाहेरच्या रुग्णालयात ती तपासली आहे का, आणि ती चुकली तर थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे. उत्तर मिळाले नाही, तर मिळाले नाही एवढे तरी छापावे.

आपला,
एक वाचक