कागदावर होतं, कानावर नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या पत्नीची केमोथेरपी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात चालू आहे. औषधोपचारांविषयी तक्रार नाही.

केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर (फेरीनंतर) दहाव्या दिवशी रात्री तिला १०१ ताप भरला. नेहमीसारखी पॅरासिटामॉल दिली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, सकाळी बघू म्हटलं. रुग्णालय सानपाड्यातल्या आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. सकाळी पोचलो तोवर तिचं बीपी खाली गेलं होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आमच्याच फाइलमधला डिस्चार्जचा कागद काढला : "यात लिहिलंय की!" लिहिलं होतं खरं. औषधांच्या यादीखाली, बारीक टायपात, इंग्रजीत : ताप १००.४च्या वर गेल्यास ताबडतोब यावे.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी फार खाली जातात, तेव्हाचा ताप म्हणजे इमर्जन्सी, सलाइनमधून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं, आणि गोळीने ताप नुसता झाकला जातो, हे आम्हाला पुढच्या आठ दिवसांच्या अ‍ॅडमिशनमध्ये कळलं. आदल्या डिस्चार्जला बिल आणि टीपीएचे (विम्याचे दावे बघणाऱ्या मध्यस्थ कंपनीचे) कागद मात्र तीन-तीनदा समजावले होते.

शिवाय जे काही बोलणं व्हायचं ते माझ्याशी. "पेशंटबरोबर कोण आहे?" म्हणत डॉक्टर मला बाजूला घ्यायचे. हिने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. एकदा न राहवून म्हणाली, "अहो डॉक्टर, कॅन्सर मला झालाय, यांना नाही."

या वेळी घरी सोडताना वॉर्डातल्या एका सिस्टर खुर्ची ओढून हिच्यासमोर बसल्या. केरळच्या, मराठी बहुधा इथल्या भाजी बाजारातच शिकलेलं, पण एक शब्द अडला नाही. "काकू, रात्री दोनला ताप आला तर काय करणार, सांगा बघू." ही म्हणाली, "कागदावरच्या नंबरवर फोन करीन." "तो ओपीडीचा. रात्री कोणी उचलत नाही. सरळ कॅज्युअल्टीत यायचं आणि दारातच सांगायचं, केमो चालू आहे." मग पुन्हा पहिल्यापासून वदवून घेतलं. पाच मिनिटंही लागली नसतील.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९पासून रुग्णाशी कसं बोलावं हा विषय आहे, असं ऐकतो. चांगलंच आहे. पण वीस-वीस खाटा सांभाळणाऱ्या सिस्टरना ही पाच मिनिटं व्यवस्थापनाने कामाचा भाग म्हणून द्यायला हवीत. त्यांच्या चांगुलपणावर सोडू नयेत. आणि तो कागद मराठीत, मोठ्या अक्षरात छापायला असा किती खर्च येतो?

पुढची सायकल सोमवारी आहे. सिस्टरनी सांगितलेलं हिने स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलंय. ओपीडीच्या नंबरवर लाल पेनाने काट मारली आहे.

– एक वाचक, सानपाडा, नवी मुंबई